आठव्या नंबरचा बिल्ला

बाबा, तीन आठवडे मी एका गोंधळात अडकले होते आणि विचारावं असं तुमच्याशिवाय कुणी सुचत नव्हतं. मी कंप्युटरच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम लिहिते, त्याला कर्नल म्हणतात. त्यात वीज वाचवायचं काम माझं. पाच-सहा उपकरणं एकाच सामायिक वाटेला जोडलेली असतात, त्या वाटेला बस म्हणतात. सगळी उपकरणं झोपली तरच बसची वीज काढायची. उठवताना आधी बस, मग एकेक उपकरण. पण माझी बस एक उपकरण जागं असतानाच झोपत होती. नोंद बघावी तर सगळी झोपलेली.

सौंसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हेच तुमचं काम होतं. मेन स्विचशेजारी फळी, फळीवर आठ खिळे. ज्याने मशीन बंद केलं त्याने आपला पितळी बिल्ला खिळ्यावर अडकवायचा. आठ भरले की तुम्ही मेन पाडायचे. त्या शनिवारी मी चौथीत आहे, डबा घेऊन आले आहे, आणि तुम्ही जामसांवलीच्या देवळात न्यायचं कबूल केलंय. सातच बिल्ले लागलेत. "आठवा लागला का निघू, माय," म्हणून तुम्ही हात धुवायला जाता. आठवा बिल्ला आठव्या मशीनवरच्या बोरगावच्या काकांचा, त्यांच्या डब्याशेजारी ठेवलेला. मी तो उचलून खिळ्यावर अडकवते.

तुम्ही मेन पाडला. काकांना वाटलं नेहमीसारखी लाइन गेली, म्हणून त्यांनी अडकलेला कापूस काढायला मशीनमध्ये हात घातला. तेवढ्यात मालक ओरडत आले, "कापसाची अर्धी गाठ राहिली, चालू कर." तुम्ही फळीकडे पाहिलं, आठ बिल्ले होते, मेन चढवला. काकांची दोन बोटं गेली. "म्या बिल्ला लावलाच नाई," ते म्हणत राहिले, कुणी मानलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी त्याले इचारलं नाई. चूक माही हाय." नोकरी गेली. पुढे पांढुर्ण्याच्या दुकानात मोटारी दुरुस्त करताना, दुकान रिकामं असलं तरी, स्विच लावण्याआधी तुम्ही विचारायचे, "कोनाचा हात हाय का?" मी हसायची. तेव्हा का हसायची, मला आता कळत नाही.

आज चूक सापडली. दुसराच एक भाग त्या उपकरणाच्या नावाने झोपल्याची नोंद करत होता. आता माझा प्रोग्राम नोंदीवर न थांबता उपकरणालाच विचारतो. दोन ओळींचं काम. सगळ्यांनी पाठ थोपटली, मला मात्र जेवण गेलं नाही.

शिकायला नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही एक पितळी बिल्ला माझ्या हातात ठेवलात. "राहू दे तुयाजवळ." त्यावर आठ आकडा आहे. तुम्हाला माहीत होतं का, बाबा? माहीत होतं तर नोकरी कशाला घालवलीत? आणि नव्हतं, तर नेमका हाच बिल्ला का? मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि कुठेच पोचत नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिणं सोपं गेलं. काका अजून बोरगावलाच आहेत. दिवाळीत त्यांच्या दारावरून गेले, ते ओट्यावर बसले होते, आणि मी गाडी थांबवली नाही.