माशांसह सीलबंद गाळ्यात राहू देण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
कीटकोत्पत्ती प्रतिबंधक कक्ष.

अर्जदार: डॉ. सुहासिनी सुरेंद्र मेढेकर, वय ५७, सध्या मुक्काम गाळा क्र. ९, पहिला मजला, पुनावळे.

विषय: सील केलेल्या गाळ्यातून अर्जदारास बाहेर न काढण्याबाबत.
संदर्भ: आपल्या पथकाचा पंचनामा, दि. १८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

अर्जदार गेली एकोणीस वर्षे म्हातारपणावर संशोधन करीत आहे. मेंदूतल्या मोजक्या पेशी एक संप्रेरक अंगभर सोडतात; ते कमी केले तर म्हातारपण उशिरा येते का, एवढाच तिचा प्रश्न. माणसांवर हे पाहायचे तर तीन पिढ्या जातील, म्हणून फळमाशी. केळ्यांवर घोंगावते तीच. ती चावत नाही, डेंग्यू पसरवत नाही, दोन-अडीच महिने जगते आणि जाते. अर्जदाराच्या नळ्यांतल्या दोनशे बारा माशा मात्र आज एकशे चौथ्या दिवशीही जिवंत आहेत. असे तिच्या हातून आजवर कधी झाले नव्हते.

सोमवारी शेजारच्या सोसायटीत डेंग्यूचा रुग्ण सापडला. या गाळ्यात कीटकांची पैदास होते अशी तक्रार झाली, आणि ती खोटी आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पथकप्रमुख श्री. जयसिंग यांनी दोनदा हाक मारली व दाराला सील ठोकले. अर्जदार तेव्हा आतल्या उबदार खोलीत, पंख्याच्या घरघरीत, मेलेल्या माशा मोजत बसली होती. खाली केळी विकणाऱ्या अंबूबाई यांनी "आवो सायेब, बाई आत हायेत की! सकाळीच वर गेल्यात," असे ओरडून सांगितले, परंतु त्या पंच नसल्याने त्यांचे म्हणणे नोंदवले गेले नाही.

फोन केला असता श्री. जयसिंग म्हणाले, "मॅडम, पंचनाम्यात आत कोणी नाही असं लिहिलंय. मग तुम्ही आत कशा?" मग पीएच.डी. झालेल्या या बाईने आपल्या कार्यालयाला फोन लावला. कार्यालयाने कळवले की सील उघडण्याचा अर्ज स्वतः खिडकीवर येऊन द्यावा लागतो. काल दाराखालून दुसरी नोटीस आली: सीलबंद जागेत आढळणे हा सीलभंग असून तात्काळ खुलासा करावा. धन्य आहे, साहेब! आत नळ आहे, संडास आहे, अंबूबाई खिडकीतून सोडलेल्या दोरीच्या पिशवीतून डबा वर पाठवतात. हा अर्जही त्याच पिशवीतून येत आहे.

आज श्री. जयसिंग स्वतः आले. माणूस वाईट नाही, येताना इडल्या घेऊन आले. पाच मिनिटे दार उघडतो, मॅडमनी बाहेर यावे, मग पुन्हा सील. सुनावणी गणपतीनंतर, असा तोडगा त्यांनी काढला. खाली यजमान उभे होते. "सुहास, पुरे झालं आता, चल घरी," म्हणाले. साहेब, अर्जदाराला घरी जायचे आहे. पाठ मोडून आली आहे, एकटीला भीतीही वाटते आणि यजमानांचा आवाज ऐकून तिला रडू फुटले. पण या माशांना दर दोन दिवसांनी मका-गूळ-यीस्टच्या ताज्या खाद्यावर हलवावे लागते. नाही हलवले तर म्हातारी माशी ओल्या खाद्याला चिकटते, सुटायची धडपड करते आणि तिथेच मरते. एकदा बाहेर पडले की परत आत येता येणार नाही, हे श्री. जयसिंग यांनी खाली मान घालून मान्य केले. मग या माशा किती जगल्या असत्या हे कधीच कुणाला कळणार नाही.

पंचनाम्यासोबत सीलबंद वस्तूंची यादी आहे. टेबल, सूक्ष्मदर्शक, नळ्या, पंखा, असे चौदा नग. यादीतली वस्तू निकाल लागेपर्यंत कोणालाही जागची हलवता येत नाही, असे श्री. जयसिंग सांगतात. तरी कृपा करून अनुक्रमांक पंधरावर पुढील नोंद घ्यावी, ही हात जोडून विनंती:

बाई, नग एक, वापरलेली, चालू स्थितीत.

आपली विनम्र, व निकाल लागेपर्यंत आपल्याच ताब्यातील,
(सही)
सुहासिनी सुरेंद्र मेढेकर
दि. २० ऑगस्ट २०२५