बदलीवाल्याच्या धावा

आप्पा,

गेलं वर्षभर मी तुमच्या क्लबसाठी पैसे मागत फिरले. तुम्ही असतात तर मला घरातच अडवलं असतं. चाळीबाहेरच्या कुणापुढे तुम्ही कधी हात पसरला नाही. चाळीत मात्र गणपतीच्या वर्गणीसोबत क्लबची वर्गणी बिनदिक्कत मागायचात, आणि पावती मागणाऱ्याकडे असं बघायचात की तो बिचारा दुसऱ्या वर्षी दुप्पट द्यायचा. आता तसं चालत नाही. चाळीतली निम्मी दारं बंद असतात, उरलेल्यांपैकी निम्म्यांना आपल्या दारातच क्रिकेट क्लब आहे हे ठाऊक नसतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, मी सत्तावन्नची झाले, परळच्या इस्पितळातल्या रेकॉर्ड रूममध्ये माझ्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरले आहेत, आणि क्लबची सेक्रेटरी मी आहे. निवडणूक वगैरे काही झाली नाही. आधीच्या सेक्रेटरीनं विरारला घर घेतलं आणि जाताना कपाटाच्या चाव्या माझ्या ओट्यावर ठेवल्या, एवढंच.

क्लब आता मुलींचा आहे. दचकू नका. मुलगे टर्फवर जातात, मोबाइलवरून वेळ ठरवतात, पैसे भरतात, घामेजून घरी येतात. मैदानावर नेमानं येतात त्या आपल्या सोळा मुली. तीन वर्षांपूर्वी चौघी आल्या आणि म्हणाल्या, काकू, नेट रिकामंच असतं ना, मग आम्ही खेळू? तेव्हापासून खेळताहेत, आणि काय खेळताहेत! पण मैदानावरची आपली जागा एका अकादमीवाल्याच्या डोळ्यात भरली आहे. नियम असा की एक मोसम नेट लागलं नाही तर परवानगी जाते. आपलं नेट इतकं फाटलं होतं की चेंडू आरपार जाऊन पलीकडच्या शहाळेवाल्याच्या गाडीवर आपटायचा. मॅटचे दोरे निघाले होते. प्रशिक्षकाला मी चार महिने नुसता चहा पाजत होते. दसऱ्यापर्यंत पैसे उभे राहिले नाहीत तर जागा जाणार, आणि जागा गेली की क्लब फक्त कपाटात उरणार, हे मला दिसत होतं.

म्हणून फिरले. एक पुढारी लगेच तयार झाला, पण मुलींच्या टी-शर्टवर पुढे त्याचा फोटो आणि मागे बायकोचा. जिना उतरताना मला हसू आवरेना आणि बस स्टॉपवर येईपर्यंत डोळे भरून आले. ठाकूरद्वारच्या एका जुन्या ट्रस्टमध्ये गेले. तिथल्या वयस्कर विश्वस्तांनी कोकम सरबत दिलं, तुमच्या काळच्या मैदानांच्या गप्पा मारल्या आणि शेवटी म्हणाले, "बाई, आमच्या घटनेत विद्यार्थी आहे, रुग्ण आहे, खेळाडू नाही. एखादी मुलगी आजारी पडली तर जरूर या." सरकारी योजनेची वेबसाइट जेमतेम उघडली तेव्हा अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. मग कुणीतरी म्हणालं, कंपन्यांना समाजकार्यावर पैसे खर्च करावेच लागतात, तिथे जा. तुमची मिल होती तिथेच आता काचेचा टॉवर आहे, त्यातल्या एका कंपनीत गेले. तुमचं साचेखातं, ते मागांचं खातं, नेमकं कुठे होतं ते लिफ्टमध्ये उभी राहून ठरवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तिथली हे काम बघणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, नागपूरकडची. क्लब खरोखर जुना आहे याचा पुरावा मागत होती. मी म्हटलं, स्कोअरबुकं आहेत. दुसऱ्या खेपेला दोन पिशव्या टॅक्सीत घालून घेऊन गेले. ती चक्क खाली गालिच्यावर बसली आणि पानं उलटायला लागली. "मॅडम, हे अक्षर कुणाचं?" म्हटलं, माझं, दहाव्या-अकराव्या वर्षाचं. मग तिचं बोट एका नावावर थांबलं. पुढच्या पानावर तेच नाव. पुढच्या मोसमातही तेच. "बापरे, काय खेळायचे हे! मॅडम, अर्जात वारसा म्हणून एक भाग आहे. तिथे यांचाच फोटो लावू. कमिटीला असं काही दिसलं ना, की काम झालंच समजा."

मी म्हटलं, चार दिवसांत सांगते. आप्पा, त्या नावाचा माणूस पहिल्या मोसमानंतर मैदानावर आलाच नाही हे तुम्हाला माहीत होतंच, आणि आज ते जाणणारे माझ्यासारखे दोघं-तिघंच उरलेत. तो तुमच्याच खात्यातला, दुसऱ्या पाळीला लागला आणि त्याचा खेळ सुटला. त्याच्या नावावर चार मोसम खेळला तो कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गासड्या वाहणारा घाटावरचा हमाल. लीग मिल कामगारांची. हमालाचं नाव यादीत घालायची सोय नव्हती. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मिलमध्ये कायमचा माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राहतो, साचा ज्याचा त्याचाच राहतो. मैदानावरही तसंच, असं तुम्ही म्हणायचात. असे आपल्या संघात चौघे होते. सगळ्यांत मोठा तो.

आणि मग तो रविवार. मी अकरा वर्षांची आहे, झाडाखालच्या टेबलाशी स्कोअरबुक घेऊन बसले आहे. तो हमाल पॅड बांधून निघतो, जाताना माझ्या डोक्यावर टपली मारतो, आणि मी खूश होऊन पुस्तकात त्याचं खरं नाव लिहिते. मुद्दाम नाही. शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं, जे दिसतं ते लिहायचं. समोरच्या संघाचा स्कोअरर पान जुळवायला वाकतो, नाव वाचतो आणि पंचांना हाक मारतो. सामना त्यांना जातो. सगळ्यांच्या देखत तुम्ही पुस्तक माझ्या हातातून ओढून घेता. "ह्या कोणी लिवूक सांगल्यान तुका? पुस्तकात टीमचा नाव येता गो, माणसाचा नाय!" तुम्ही मला त्याआधी कधी ओरडला नव्हतात. मी दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही कामावरून येताना लाल-निळी पेन्सिल आणलीत आणि माझ्या दप्तरात घातलीत. पुढच्या रविवारी, दुसऱ्या संघासमोर, मी तुम्ही सांगाल ते नाव लिहिलं. रागही आत जपून ठेवला, तो बरीच वर्षं टिकला. पुढे रेकॉर्ड रूममध्ये एकाचा कागद दुसऱ्याच्या फाइलमध्ये सापडला की मी जी कडाडायचे, ती बऱ्याचदा तुमच्यावरच कडाडायचे.

आता ज्याचं नाव होतं तो कधीच वारला. कुणाला कळणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर नेट, मॅट, प्रशिक्षक, सगळं पदरात. बोलले तर पुरावाच खोटा, आणि खोटा पुरावा देणाऱ्यांना कोण पैसे देणार? एकदा माझ्या खरं लिहिण्यानं सामना गेला होता, आता क्लब जायचा. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी कॉटन ग्रीनला त्या हमालाकडे गेले. सत्तरी उलटली आहे, गुडघे गेलेत, पण बसण्यात अजून तोच रुबाब. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्हाई सांगायचं, पोरी. धावा म्या काढल्या, ते माझ्या पायास्नी म्हाईत हाय. नाव कुनाचं का असंना. तू नेट बांधून घे." मी म्हटलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? तो म्हणाला, "तुझा बा दर ऐतवारी माझं पॅड सोत्ता बांधायचा. खाली बसून. मी हमाल, आन् त्यो जॉबर, मिलातला मुकादम. गोदामात मला कुनी नावानं हाक मारत नव्हतं, ए गासडी म्हनायचे. त्यो मानूस पाया पडल्यागत खाली बसून पट्टे आवळायचा." मला हे माहीत नव्हतं, आप्पा. मी तर टेबलाशी असायचे, पुस्तकात डोकं घालून.

त्यानं नको म्हटलं तरी मी सांगितलं. कमिटीत तिघं होते. आमची नागपूरकर भाषांतर करत होती, आणि मी बोलायला लागल्यावर तिचा चेहरा उतरत गेला. मधे बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, मग यातली आणखी किती नावं खोटी आहेत? म्हटलं, आणखी तीन, आणि कोणती ते मी सांगू शकते, पुस्तक मीच लिहिलं आहे. त्यांनी विचारलं, हे आम्हाला सांगायची गरज काय होती? उत्तर ठरवून गेले नव्हते. म्हटलं, साहेब, आमच्या इस्पितळात एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर गेला तर माणूस मरतो. क्रिकेटमध्ये कुणी मरत नाही, हे मला समजतं. पण सोळा मुली तुमच्या कागदावर आपापलं नाव लिहिणार आहेत, त्याच्या वरच्या ओळीत मी दुसऱ्याच्या धावा कशा लिहू? त्यांनी पुस्तक मिटलं आणि "कळवू" म्हणाले. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढल्यामुळे "कळवू"चा अर्थ मला पुरता कळतो. घरी येऊन मी कपाटाच्या चाव्या कुणाला द्यायच्या याचा विचार करत बसले.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी फोन आला. "मॅडम, वारशाचा भाग त्यांनी काढून टाकला. म्हणाले, जुनं राहू दे, मैदानाच्या परवानगीचे कागद आहेत तेवढे पुरे. बाकी पास! एका वर्षाचं. दुसरा प्रशिक्षक नाही आणि तंबू नाही. आणि एक अट आहे, जी खेळेल तिचंच नाव, ओळखपत्रासकट." मी इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये इतक्या मोठ्यानं "हो" म्हणाले की वॉर्डबॉय धावत आला. संध्याकाळी पेढे घेऊन कॉटन ग्रीनला गेले. खरं सांगूनही त्याचं नाव किंवा फोटो कुठेच लागणार नाही हे सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. तो म्हणाला, "बरं झालं. माझा फटू बघून पोरी पळाल्या असत्या." पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला.

नेट लागलं. नवंकोरं, हिरवं, अजून त्याला दुकानाचा वास येतो. संध्याकाळी सोळाच्या सोळा येतात, आता तर आणखी तिघी येऊन उभ्या राहतात. जागेकडे बघत अकादमीवाला अजून चकरा मारतो, मारू दे. पुढच्या वर्षीसाठी मी आतापासूनच तीन ठिकाणी अर्ज टाकले आहेत आणि या वेळी मुदत संपायच्या आत. मला वाटतं, जमेल. तुमच्याशी बोलताना मी असं सहसा म्हणत नाही, पण खरंच वाटतं.

मात्र ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे. गेल्या रविवारी मोसमातला पहिला सामना होता. आपली एक मुलगी दादरच्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. सकाळीच तिला मालकानं बोलावून घेतलं. उरल्या दहा. राखीव पाचही जणींची परीक्षा. आणि एक नवी मुलगी, पंधरा दिवसांपूर्वी आलेली, जिचं ओळखपत्र अजून छापून यायचं आहे, ती कुणी न सांगताच पॅड बांधून तयार उभी. कॅप्टन माझ्या कानाशी आली, "काकू, दुकानवालीचं नाव लिहा ना. दोघी सेम दिसतात. कुणाला कळतंय?" पंच घड्याळ बघत होते. नव्या मुलीनं एक पट्टा उलटा आवळला होता. मी काही कळायच्या आत खाली वाकून तो सोडवला आणि नीट बांधून दिला. तोपर्यंत माझ्या तोंडात "लिहिते" तयार होतं, आप्पा. चाळीस वर्षं तुम्हाला खोटारडं म्हणणाऱ्या बाईच्या तोंडात.

आपण दहा जणींनिशी खेळलो आणि अकरा धावांनी हरलो. मुली माझ्यावर रुसल्या, वडापाव खाल्ल्यावर बोलायला लागल्या. मी बरोबर केलं असं मला आजही वाटतं, कागद मी बदलणार नाही. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून इथेच सांगून टाकते: मी "नाही" म्हटलं, पण त्या पॅड बांधलेल्या नव्या मुलीकडे बघून म्हणता आलं नाही. कॅप्टनकडे बघून म्हटलं.