चौदा नंबरचा चिमटा

रवि. ३ जाने. १९९९

सकाळी आठला माळावर, मॉडेल विमानं घेऊन. वारा पडलेला, झकास. क्लबातले सात जण आलेले. डॉ. जाधवनं (दातांचा डॉक्टर, नवा मेंबर) चिमटा न घेताच विमानाचा रेडिओ सेट चालू केला. मग काय, झापला. म्हटलं, डॉक्टर, एका नंबरवर दोन सेट चालू झाले की वरचं विमान कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय, आणि खाली माणसं उभी हायत. तोंड एवढंसं झालं त्यांचं. होऊ दे. फळी मी केली, कपड्यांच्या चिमट्यांवर नंबर मी रंगवले, नियम मी लिहिला: सेटात जो नंबर, त्याचा चिमटा फळीवरून काढून खिशाला लावायचा, मगच बटण. एका नंबरचा एकच चिमटा. सेक्रेटरी म्हणून मी एवढं एकच काम मन लावून करतो.

कांबळे सर नंतर बाजूला घेऊन म्हणाले, शिवा, बरोबर बोललास, पण हळू बोलला असतास तरी त्यांना ऐकू गेलं असतं. सरांचं हे असंच. पॉलिटेक्निकला जन्म गेला, पोरांवर कधी आवाज चढवला नाही. मला उडवायला शिकवलं तेव्हा दोन विमानं मातीत घातली त्यांची, तरी नाही.

रवि. १० जाने.

माझं क्रिस्टल गेलं. नखाएवढी वस्तू, पण सेटचा नंबर तिच्यावर. ती नसली की सेट म्हणजे नुसतं डबडं. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला, पंधरा दिवस लागतील म्हणाला. सरांनी त्यांच्या पेटीतला जादा जोड दिला, चौदा नंबरचा. म्हणाले, आता आपण दोघं एका नंबरावर, आळीपाळीनं उडवू, मी उतरवलं की चिमटा तुझ्याकडं. घरी येऊन बसवून टाकला.

गुरु. १४ जाने. संक्रांत

सरांकडं गेलतो. वहिनींची तक्रार: दिवाळीपासून जेवायच्या टेबलावर विमान हाय, आम्ही दोघं जमिनीवर जेवतोय. विमान मात्र बघण्यासारखं. पिवळं, पंखाला कुठं एक सुरकुती नाही. मी फौंड्रीच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करणारा माणूस, मला कुणाचं काम सहजी पसंत पडत नाही. हे पडलं. नाव 'पिवळी' ठेवलंय. रविवारी पहिल्यांदा वर जाणार.

रवि. १७ जाने.

उद्या विसरायला होईल, म्हणून आत्ताच लिहितो.

पिवळी नऊ चाळीसला वर गेली. सरळ, सुरेख. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या खिशाला चौदाचा चिमटा, मी स्वतः बघितला. मग फळीवरून माझा सव्वीसचा काढला, खिशाला लावला, व्हॅनच्या मागं जाऊन सेट चालू केला. बॅटरीचा काटा बघत होतो.

तेवढ्यात सरांचा आवाज. "ऐकंना! ऐकंना झालंय!" सरांचा आवाज एवढा मोठा मी आजवर ऐकलेला नाही.

सेट बंद करून पळालो. पिवळी उलटी झालेली, पोट वर. तशीच तिरकी खाली. बांधावर अण्णाप्पा उभा होता, माळाचा मालक, आम्हाला चहा घेऊन आलेला. किटली हातात. त्याला कळलंच नाही कुठनं आलं.

खांदा. डोकं. रक्त लई. चहा सगळा त्याच्या धोतरावर, आधी मला वाटलं तेही

व्हॅनमधनं हातकणंगल्याला, तिथनं कोल्हापूरला. वाटेत शुद्धीवर होता. सर मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन. सारखं एकच, मी उजवीकडं दिलं, ते डावीकडं गेलं.

सोम. १८ जाने.

गळ्याजवळचं हाड मोडलंय. डोक्याला सात टाके. जिवाला धोका नाही म्हणाले. सर पहाटेपासून दवाखान्यात. अण्णाप्पानं डोळे उघडले आणि म्हणाला, "मास्तर, मोडलंय माजं, तुमी का रडताय?" मला हसू आलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

बुध. २० जाने.

चौकशी माझ्याकडं. सेक्रेटरी ना. सगळ्यांना एकेक करून विचारलं. फळी कुणी हलवली नव्हती, चिमटे जागच्या जागी. चौदा सरांकडं, सव्वीस माझ्याकडं, बाकी फळीवर. म्हणजे दुसरा सेट नव्हता. म्हणजे उरलं काय? हात.

डॉ. जाधव म्हणाले, वय झालं सरांचं, डोळे तपासायला हवेत. तिघांनी तेच म्हटलं. मला विचारलं तर मीही म्हटलं, असेल. अठ्ठावन्न म्हणजे काही कमी नाही.

रवि. २४ जाने.

सर माझ्या घरी आले. क्लबचा राजीनामा आणला, पॉलिटेक्निकच्या लेटरहेडच्या कोऱ्या मागच्या बाजूवर, सुंदर अक्षर. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आलेले, डोळे चांगले आहेत. मग म्हणाले, डोळे चांगले म्हणजे हातच. दाढी करताना आरशात हात बघतो म्हणाले, हलतो का ते. हलत नाही. पण बघितल्याशिवाय राहवत नाही.

मी काय बोललो? म्हटलं, सर, होतं असं.

बुध. २७ जाने.

अण्णाप्पाला घरी सोडलं. हात गळ्यात बांधलेला. सुपारी मागत होता, म्हणजे बरा आहे. माळाचं विचारलं. म्हणाला, उडवा की तुमी, मी काय न्हाय म्हणत न्हाय. "पर त्या मास्तराला तेवढं आनू नगासा. भला माणूस हाय, पर हात गेलाय त्याचा." आम्ही चौघं होतो. चौघांनी मान डोलावली.

गुरु. २८ जाने.

पुण्याहून कुरिअर. सव्वीसचं क्रिस्टल.

सेटचं झाकण काढलं. आत चौदा.

किती वेळ बसलो होतो माहीत नाही. सुनंदा चहा ठेवून गेली, तो तसाच. मागचं पान काढलं. १० जाने. माझंच अक्षर, 'घरी येऊन बसवून टाकला.' आणि सतराच्या पानावर पुन्हा माझंच, 'माझा सव्वीसचा काढला.'

सेटात चौदा, खिशाला सव्वीस. आठ वर्षं हात सव्वीसकडंच जातोय, तसाच गेला. नियम पाळला की मी. चिमटा घेतल्याशिवाय बटण दाबलं नाही.

पिवळी माझं ऐकत होती.

शुक्र. २९ जाने.

कारखान्यात पंपाच्या पॅटर्नचं माप चुकवलं, आख्खं लाकूड वाया. कारागीर बघत राहिला, मालकाचं असं होत नाही कधी. उद्यमनगरातनं चालतच घरी आलो, गाडी तिथंच राहिली.

सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांचा हात तुम्ही काढून घेतलात त्यांना सांगा." बायको झाली तरी असं बोलावं का, असं वाटलं. बरोबरच बोलली.

रवि. ३१ जाने.

सांगितलं. उभ्या उभ्याच. सर खुर्चीत होते, पेपर मांडीवर. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलंच नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. मग उठले आणि आत गेले. आतनं आवाज आला, "अगं, माझा हात नव्हता तो." वहिनी काहीतरी बोलल्या. मी बाहेर बुद्धाच्या तसबिरीखाली उभा. पळून जावंसं वाटत होतं.

बाहेर आले ते डोळे पुसून. मला वाटलं आता शिव्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "सेक्रेटरी, क्लबात सांगा. आणि अण्णाप्पालाही. तुम्हीच सांगायचं."

आठ वर्षांत सरांनी मला 'शिवा' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. अहो-जाहो तर नाहीच.

रवि. ७ फेब्रु.

शाहूपुरीत, क्लबातल्या कुलकर्ण्यांच्या दुकानावर मीटिंग. सगळे. सांगितलं. झालेलं सगळं लिहून नेलेला कागद वाचला, तारखांसकट.

कुलकर्णी म्हणाले, झालं ते झालं, कागद फाडा. डॉ. जाधव, ज्यांना मी भर माळावर झापलेलं, ते तर माझी बाजू घेऊन बोलायला लागले. अहो, कुणाकडूनही होईल. माणूस बरा झालाय, माळ मिळालाय. आता अण्णाप्पाला जाऊन सांगायचं की सेक्रेटरीनंच पाडलं? मग तो मास्तर नको म्हणून थांबेल का? सगळ्यांनाच हाकलील. दुसरा माळ कुठं हाय एवढा मोकळा?

मी म्हटलं, आणि सर?

कुलकर्णी म्हणाले, सरांनी आपण होऊन सोडलंय. मोठ्या मनाचे आहेत. "आणि त्यांना सवय हाय ओ ऐकून घ्यायची."

सवय. कसली सवय, कुणाकडनं, कधीपासनं, एकानंही विचारलं नाही. चहा आला, सगळ्यांनी घेतला. मीही घेतला. आपण इतकी वर्षं कुणाबरोबर विमानं उडवतोय असं वाटलं, आणि लगेच वाटलं की त्यातला एक मीच की.

आणि खरं लिहायचं तर, त्यांनी कागद फाडा म्हटलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं मला. जीव हलका झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

कागद फाडला नाही. शर्टाच्या खिशात आहे.

तिथनं सरांकडं. ओट्यावर बसलेले, पिवळीचा मोडका पंख मांडीवर, बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, डिंक. पुन्हा जोडायला घेतलाय. मला बघून विचारलं, सांगितलंस? म्हटलं, सांगितलं. "बरं झालं, शिवा." एवढंच, आणि पट्टी घासायला लागले. सगळे काय म्हणाले, विचारलंच नाही. सांगितलं म्हणजे मिटलं, एवढंच त्यांच्या डोक्यात. वहिनींनी आतनं ओरडून सांगितलं, टेबल परत गेलं बघा आमचं. हसत होत्या.

पुढच्या रविवारी न्यायला येशील का म्हणाले. येतो म्हटलं.

बुध. १० फेब्रु.

कुलकर्ण्यांचा फोन. रविवारी किती वाजता? आणि मग, सहज विचारल्यासारखं, सर येणार नाहीत ना? म्हटलं, बघू. बघू काय, म्हणाले. मी फोन ठेवला.

शनि. १३ फेब्रु.

हातकणंगल्याला गेलतो. ठरवूनच. कागद खिशात.

अण्णाप्पा अंगणात, गुऱ्हाळावरनं आलेला. हात अजून गळ्यात. मला बघून खूश. आत हाक मारली, सायेब आल्यात, काकवी आना. वाटी भरून काकवी, भाकरी. बायकोनं लोणी घातलं वर. शेजाऱ्याला बोलावून ओळख करून दिली: ह्ये आमचं सेक्रेटरी, लई कडक माणूस, बिनचिमट्याचं कुणाला हात लावू देत न्हाईत. तवर पोरं जमली. शेजारी म्हणाला, मग ते पाडलं कुणी? अण्णाप्पा म्हणाला, त्यो मास्तर.

मी म्हटलं, अण्णाप्पा

आणि भाकरी घशात अडकली. खोकला आला. पाणी दिलं त्यांनी, पाठीवर थापलं, अण्णाप्पानं चांगल्या हातानं थापलं. तेवढ्यात ऊसतोडीचा मुकादम आला, दोघं हिशोब करत रस्त्याकडं गेले. मी वाट बघत थांबलो. अर्धा तास. मग उठलो. त्यानं लांबनंच हात वर केला, चांगला हात, उद्या या म्हणून.

येताना शिरोलीच्या फाट्यावर गाडी थांबवली होती, मागं वळायला. वळवली नाही.

आत्ता संध्याकाळी सरांचा फोन. पंख बसला म्हणाले. अंगणात पिवळीचं इंजिन चालवून बघितलं, शेजारी गोळा झालेले. "शिवा, सातला तयार राहतो. हातानं काही त्रास दिला नाही बघ."

बरं सर, म्हटलं.