अल्बाइटची बाग

३ मार्च
नेझाहतच्या ऑलिव्हच्या बागेत पाइप टाकायला खड्डा खणला आणि पांढरा दगड लागला. अल्बाइट! आमच्या चिने गावच्या खाणींत बावीस वर्षं ट्रक चालवलाय, बायकोच्या माहेरच्या जमिनीतला दगड ओळखू येणार नाही? चाकूनं ओरखडा उठत नाही. दगडानं काचेवर उठतो (खिडकीच्या; नेझाहत भडकली). फोडला की दोन गुळगुळीत पैलू, जवळपास काटकोनात. टाइल्सचे कारखाने यासाठी रांग लावतात. सिगारेट आजपासून बंद.

४ मार्च
तिला आत्ताच सांगायचं नाही. सरप्राइज. सिगारेटी दोनच.

११ मार्च, दुपारी
नेझाहत भाचीच्या बाळंतपणाला इझमीरला गेली. वेळ चांगली साधली. मेहुणा तुर्गुत आला, त्याला दगड दाखवला. म्हणाला, दाजी, आधी लॅबमध्ये भाजून बघा, मग जेसीबी बोलवा. पहिल्यापासून भित्रा. शिवाय जळतो.

१४ मार्च
एकतीस झाडं काढली. सासऱ्यांनी लावलेली. ऑपरेटर दोनदा म्हणाला, काका, नक्की ना? म्हटलं, तू मशीन चालव. मुळं फार खोल निघाली. जेवण गेलं नाही. चीज शिळं असावं.

२० मार्च
सॅम्पल दिलं. लॅबच्या सेव्हिमबाई दगडाची पूड करून तिची गोटी भट्टीत भाजतात. माल प्युअर असेल तर गोटी दुधासारखी पांढरी निघते. खाणीचं नाव ठरवलं: नेझाहत मायनिंग. खूश होईल.

२७ मार्च
गोटी कॉफीच्या रंगाची. बाई म्हणाल्या, रिफ्कीभाई, दगड अल्बाइटच आहे, पण लोह फार. टाइलला चालायचा नाही. म्हणजे माझं बरोबरच होतं, अल्बाइटच आहे. दुसऱ्या लॅबला देणार.

२ एप्रिल
दुसऱ्या लॅबची गोटी जास्तच काळी.

५ एप्रिल
नेझाहत आली. बांधावर गेली, खड्ड्यातला एक दगड उचलला. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबांनी हाच दगड माझ्या लग्नाआधी भाजून बघितला होता. तपकिरी निघाला म्हणून तर झाडं लावली. एक शब्द विचारायचास मला.
म्हटलं, सरप्राइज द्यायचं होतं.
ती आत गेली.

९ नोव्हेंबर, सकाळी
ऑलिव्ह उतरवायचे दिवस. नेझाहत यंदा तुर्गुतच्या बागेत मजुरीनं जाते. मीही शिडी घेऊन निघालो. म्हणाली, तू नको येऊस, रिफ्की. तुला झाडाजवळ बघवत नाही मला.
शिडी परत जागेवर ठेवली.