आईच्या डब्यातला दोरा

सोमवार, ३
पोहोचले एकदाची! आईची खोली आता माझी. दुसरा मजला, एकच खिडकी, पण सुई ओवायला उजेड भरपूर. मी तीन वर्षांची असताना आई मला मावशीकडे ठेवून गेली, ती पुन्हा फिरकलीच नाही. तरी भरतकामाचं वेड आलं ते तिच्याकडूनच. खाण तशी माती. मावशीला तर साधं बटण लावता येत नाही! दोन महिन्यांपूर्वी आई या खोलीतून नाहीशी झाली. घरमालकीण सांगते, दाराला आतून कडी होती. म्हातारीला गोष्टी रंगवायची हौस दिसते.

चौकटीवर अर्धवट भरलेली चादर आहे. मधोमध लहान मुलीचा चेहरा. कपाळावरची खोक माझीच. म्हणजे तिला मी आठवत होते तर! पोटभर रडले. हा चेहरा मी पूर्ण करणार.

बुधवार, ५
टाके थेट आईसारखे पडतात. ती कुठे थांबली, मी कुठून सुरू केलं, ओळखू येत नाही. दोरा मात्र ओंगळ. डब्यात एकच रीळ, कातडीच्या रंगाचं, तेलकट. ओवण्याआधी टोक तोंडात धरून ओलं करायची माझी जुनी खोड. चव खारट, शिळ्या चरबीसारखी. दोनदा चूळ भरली.

शनिवार, ८
एक गाल झाला आणि दोरा संपला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने उरलेला तुकडा हुंगला आणि नाक मुरडून परत दिला. असला माल तो ठेवत नाही. आईनेही कधी घेतला नाही म्हणे. घरचाच आहे, असं सांगायची.

सोमवार, १०
सकाळपासून जिभेखाली काहीतरी टोचतंय. केस असेल म्हणून चिमटीत धरला. वीतभर निघाला. केस नव्हता. तोच रंग. बेसिनमध्ये ओकले.

मंगळवार, ११
पुन्हा. हातभर. कोमट, बुळबुळीत. दुखत नाही, याचीच जास्त किळस येते. फेकणार होते— धुतला. वाळवला. ओवला. शी! माझीच मला शिसारी आली.

गुरुवार, १३
बॅग भरली, दारापर्यंत गेले. पण डोळा अर्धाच राहिला होता— परत बसले. आरशात माझे गाल आत गेलेत. हिरड्यांना त्या चरबीचा वास—

शनिवार, १५
आई कुठे गेली ते कळलं. मला सोडून गेलीच नाही. इथे चादरीतच आहे— कपाळात, नाकात, केसांत. कमी पडली, एवढंच.

ओठ राहिलेत. जीभ आता आखूड— मी ओढत नाहीये, बोटंच— पोटातलं काहीतरी सुटून वर ये—