पहिली वेलांटी

१२ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझी दोन पत्रं आली, पार्सल आलं, आणि मी मात्र मूग गिळून बसले. क्षमा कर. लोकांची मुद्रितं तपासताना माझ्या हातून एक स्वल्पविराम सुटत नाही आणि सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या राहून जातात. कामाचा व्याप असं कारण लिहिलं होतं, मग खोडलं. ते खरं नाही.

तू पाठवलेल्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या संपल्या. पोटाचं जैसे थे आहे. तुझ्या जंतूंचा दोष नाही, माझाच असेल. तरी स्वच्छतेत मी कसर ठेवत नाही. आंघोळ दोनदा करते, जंतुनाशकाची बाटली मोरीत कायमची आणून ठेवली आहे. पोहायला जाणं सोडलं. मैत्रिणींना सांगितलं, तलावाचं पाणी मानवत नाही.

कार्यालयात टेबल खिडकीशी हलवून घेतलं. उजेड बरा मिळतो. परवा शेजारच्या बाईंनी उठून दुसरीही खिडकी उघडली तेव्हा मला उगाचच कानकोंडं झालं. तशी त्या दिवशी हवा कोंदटच होती.

तुझ्या भावोजींना कारखान्याच्या दुसऱ्या शाखेत प्रमुख म्हणून बोलावलं आहे. लांब आहे, महिन्यातून एखाद्या वेळी घरी येणं होईल. होकार-नकार महिनाअखेर द्यायचा आहे. त्यांनी विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. ते चष्मा काढून पुसायला लागले. हल्ली कामावरून येतात तेही लिंबाच्या वासाच्या साबणाने न्हाऊनच. लेक वसतिगृहात असल्यामुळे तिची खोली रिकामी आहे, मी तिथे झोपते. यांचं घोरणं फार वाढलंय.

लोभ आहेच. फक्त उत्तराच्या बाबतीत माझा कित्ता गिरवू नकोस.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी लग्नाच्या दिवसापासून घोरतात. तूच मला सांगितलं होतंस की घोरणं थांबलं तर तुला दचकून जाग येते. तेव्हा हे कारण दुसऱ्या कुणाला दे.

तुझं पत्र मी तीनतीनदा वाचलं. पोट बिघडलं म्हणून कुणी दोनदा आंघोळ करतं का? पोहणं सोडतं का? नवऱ्यापासून उठून वेगळ्या खोलीत जातं का? तू पोट लिहिलंस म्हणून मी पोटाचे जंतू पाठवले, आणि जंतूंच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही मला शंका आली नाही. यायला हवी होती. आईची भाषा मी विसरलेच. पाळी आली की पोट, दिवस गेले की पोट, काही दुखलंखुपलं की पोट. आपल्या घरात बायकांना गळ्याखाली आणि गुडघ्यावर एकच अवयव होता.

तर आता मी विचारते आणि तू खुशाल रागव. तुझा त्रास योनीमार्गाचा आहे का? अंगावरून जातं का, वास येतो का? तसं असेल तर ती जंतुनाशकाची बाटली आजच्या आज फेकून दे. तिथे मुळातच चांगले जंतू राहतात. ते जागा आंबट ठेवतात आणि वाईटांना दारात उभं करत नाहीत. तू रोज घासून राखणदारांनाच हाकलते आहेस. तू अस्वच्छ नाहीस गं बाई, झालीच असलीस तर अति स्वच्छ झाली आहेस.

आमच्याकडे सध्या नेमकं यावरच काम चालू आहे. कुठलेही चांगले जंतू कुणालाही दिले तर बरेचदा टिकत नाहीत. एका घरचं विरजण दुसऱ्या घरच्या दुधाला लागेलच असं नाही, तसं. म्हणून आधी त्या बाईचे मूळचे जंतू कोणते हे नमुन्यातून पाहायचं आणि त्यांच्याशी जुळणारं वाण निवडायचं. अजून अभ्यासच आहे, रामबाण म्हणून सांगत नाही. आधी डॉक्टरांना दाखव. नमुन्यासाठी नळी वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. आपल्या घराण्यात नमुने कमी नाहीत, त्यात एक तुझा.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी


२४ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोरीत कडी लावून वाचलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी. वाचताना कानशिलं तापली. आधी तुझा राग आला, मग स्वतःचा, मग फाडायलाच घेतलं, आणि हात थांबला. कारण तुझ्या पत्रात एक चूक आहे. ‘तुझा त्रास’ने सुरू होणाऱ्या वाक्यातला तो जोडशब्द. मूळ शब्द एकटा असेल तर दुसरी वेलांटी, समासात आला की पहिली. शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकात मी तो पानोपानी सुधारला आहे. लाल पेनाने, हात न थरथरता.

हो. तू म्हणतेस तेच आहे. वर्ष होत आलं. रोजनिशीतसुद्धा मी पोट असंच लिहीत आले. ती वाचणारी मी एकटीच, मग लपवत होते ते कुणापासून?

काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. वाक्य वाटेत घोकलं होतं. खुर्चीत बसल्यावर तोंडातून निघालं पोट. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पित्तावरच्या गोळ्या लिहून दिल्या, तिखट कमी करा म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले. जिन्यात आल्यावर इतकी लाज वाटली की वरून कुणी उतरताना दिसलं तेव्हा मी भिंतीवरची पाटी वाचत असल्याचं सोंग केलं. पाटीवर ‘थुंकू नये’ एवढंच होतं.

आता तुझ्या भावोजींचं. त्यांना वास येतो आणि ते मुकाट्याने सोसतात, की येत नाही आणि मी सांगितल्यावर येऊ लागेल, यातलं जास्त वाईट कोणतं हे मला ठरवता येत नाही. तो लिंबाचा साबणही माझ्यामुळेच आणला असावा, घरात काहीतरी बरा वास असावा म्हणून. ते लांब गेले तर सांगावं लागणार नाही, असं एकदा मनात येऊन गेलं. हे वाक्य खोडणार होते. राहू देते. मला ते जायला नको आहेत.

माझी घृणा वाटली नसेल तर लिही.

तुझी,
ताई


२८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घृणा? दिवसभर मी ज्या नळ्या हाताळते त्यातल्या प्रत्येकीच्या मागे अशीच एक बाई असते, मोरीला कडी लावून बसलेली.

माझी चूक काढलीस त्याबद्दल आभारी आहे, पण ती कोणत्या शब्दात आहे ते कळेना. ‘तो जोडशब्द’ असा शब्द मला माझ्या पत्रात कुठेच सापडला नाही. शुद्ध रूप तुझ्या अक्षरात लिहून पाठव. नळीवर चिकटवायच्या चिठ्ठीवरही नमुना कशाचा ते देणारीनेच लिहायचं असतं. पोट लिहिलंस तर नळी पोटाच्या विभागात जाईल, आणि तिथले लोक आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत.

मीही काही मोठी धीट नाही. सासरी मी सांगून ठेवलंय की मी दुधातल्या जंतूंवर काम करते. घरात दूध नासलं की सासूबाई माझ्याकडे बघतात. इथे दिवसभर तो शब्द सहज बोलते, आणि घराच्या पायरीवर चपलेबरोबर काढून ठेवते. तेव्हा तुला शिकवण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्नच आहे. तरी सांगते. भावोजींशी बोल. त्यांच्या सुखावर विरजण पडेल म्हणून गप्प राहू नकोस. विरजणाचीच तर सध्या गरज आहे.

महिनाअखेर आली, ताई. लोभ राहू दे, भीती सोड.

तुझी,
बारकी


३१ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. या वेळी कागदावर लिहून नेलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्या म्हणाल्या, असं लिहून आणणाऱ्या पुष्कळ जणी असतात, पण त्यांच्या कागदावर त्या शब्दाच्या जागी टिंबं असतात. तपासलं. पुष्कळ जणींना होणारा त्रास आहे म्हणाल्या. औषध दिलं, तुझ्यासाठीचा नमुना घेऊन झाला की सुरू करायचं. जंतुनाशकावरून मात्र रागावल्या. बाटली टाकली.

आज सकाळी तुझे भावोजी बूट घालत होते. होकाराचा कागद सहीसकट शर्टाच्या खिशात दिसत होता. मी पाठीमागे उभी राहिले, तोंडाकडे बघून जमलं नसतं. सुरुवात पोट अशीच झाली. मग म्हटलं, पोट नाही. मग सगळं सांगितलं, वेगळ्या खोलीचं, वासाचं, वर्षाचं. त्यांनी हातातली बुटाची नाडी सोडली. मग म्हणाले की त्यांना वाटत होतं, मला त्यांच्याच अंगाचा वास सहन होत नाही. वंगणाचा. म्हणून रोज सुटी झाली की ते कारखान्यातच घासून आंघोळ करत होते. त्यांनी बाही वर केली. कोपर सोललं होतं, बारके. एकाच घरातली दोन माणसं वर्षभर दोन नळांखाली स्वतःला खरवडत होती, आणि मी त्या लिंबाच्या वासाचाही माझ्याविरुद्ध पुरावा केला होता.

हसू यायला हवं होतं. लाजच वाटली, पण आता वेगळी. आधी अंगाची वाटत होती, ही गप्प राहण्याची होती. ते कामावर गेले. दिवसभर माझं एकही पान धड तपासून झालं नाही.

संध्याकाळी ते आले ते वंगणाच्या वासासकट. कागद खिशातच होता.

अंथरूण अजून लेकीच्या खोलीत आहे. औषध लागू पडेल, तुझे जुळणारे जंतू टिकतील किंवा टिकणार नाहीत, हे तू सांगितलंस तेवढंच मलाही माहीत आहे. लाजही पुरती गेलेली नाही. शुद्ध रूप मागितलं होतंस, ते रोजनिशीत उद्यासाठी लिहिलं आहे, तसंच खाली उतरवते. चुका काढणाऱ्या बहिणीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

उद्या : योनिमार्गाचा नमुना बारकीकडे पाठवणे.