चिपमध्ये जागा नव्हती म्हणे

परंडा, खंडेनवमी, १९८७. संध्याकाळ.

जेवण गेलं नाही. हिनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. काय सांगू?

दुष्काळाच्या धुळीनं दूध संघाच्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या सारख्या खराब व्हायच्या. म्हणून मी आणि संघातल्याच माझ्या जोडीदारानं, सुधाकरनं, वर्षभर खपून एक इवलीशी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं, नुसती हौस. ती मशीनच्या आतल्या चिपमध्येच राहायची. बटण दाबलं की फ्लॉपीशिवाय मशीन जागं, आणि पडद्यावर सगळ्यात आधी आमची दोघांची नावं.

आज पूजेला वजनकाट्याबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. अध्यक्षसाहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर एकच नाव. सुधाकरचं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या मी?

म्हणजे परवा त्यानं चिप पुण्याला नेली ती दुरुस्तीसाठी नव्हतीच तर.

बाहेर गाठलं त्याला. "माझं नाव कुठं गेलं रं?"

चपला शोधत, खालीच बघत म्हणाला, "चिपमदी जागाच न्हवती गड्या. म्या तरी काय करू?"

जागा नव्हती! हे मला सांगतो? चिप गच्च भरली तेव्हा तारीख दाखवायचा भाग मीच खोडला होता. लई जिवावर आलं होतं. पण तो खोडल्याशिवाय त्याचं नाव मावत नव्हतं.